वास येतो का?

आधी दुर्गंधी घ्यायची.
मळीतून दारू निघाली की तळाशी जे उरतं,
कुणालाच नको असलेलं, ते फ्यूजेल तेल
पिंपातून मरोळला येतं. त्यातलं अल्कोहोल वेगळं काढताना
नव्या पोरी खोकत जिन्यात जाऊन बसतात.

मग आंबट. लोणच्यातल्या व्हिनेगरचा थोरला भाऊ,
एसीच्या खोलीत बाटलीतच गोठून बसणारा.
तो जरा जास्तच ओतायचा,
कारण ही क्रिया मुळात अर्धवट स्वभावाची:
थोडी पुढे जाते, तितकीच मागे येते,
आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासारखी.
गंधकाम्लाचे थोडे थेंब, चिनीमातीचे तुकडे,
वर कंडेन्सर, त्यात थंड पाणी,
आणि तासभर तिथून हलायचं नाही.

पुढचं मी झोपेतही करीन.
सोड्याच्या पाण्याने धुवायचं; फसफसतं,
मधेमधे बूच उघडून त्याचा राग सोडून द्यायचा.
पाणी खाली बसतं, हे वर तरंगतं.
रंग नाही, तेलासारखा जडपणा नाही.
सुकवायचं, पुन्हा तापवायचं,
पारा एकशे बेचाळीसला टेकला की
नळीच्या टोकाशी थेंब धरतो,
आणि सगळ्या मजल्यावर केळ्यांची वखार उघडते.

म्हणजे, उघडत असणार.

शाळेच्या फाटकावरची पिवळी गोळी, ती आमची.
केळ्याचं आइसफ्रूट आमचं.
लाकडावर मारायचं लॅकर पातळ करायलाही नेतात.
ग्रेशस मिनेझिस बहिणीकडून वसईची राजेळी आणतो,
सोलून नाकाशी धरतो आणि हसतो:
"खऱ्या केळ्याला एवढं केळं होता येत नाय गो."

दुबाशसाहेबांच्या जिभेवर सुहासिनी कधी बसलंच नाही.
बावीस वर्षं ते मला सुवासिनी म्हणाले.
लग्न मी केलं नाही,
पण वासापुरतं खरंच होतं ते;
बसमध्ये शेजारची बाई पिशवीत डोकावायची,
फळं कुठून घेतली विचारायची.

मार्चमध्ये नवे मास्क आले.
सुरक्षेचा पोरगा, डोक्यावरून पारदर्शक पिशवी घातली त्याने,
आत आमचाच माल टिपलेला कागद टांगला.
मान हलवा. मोठ्याने वाचा. वास येतो का?
नाही.
नीट घ्या श्वास. येतो का?
नाही.
पास, त्याने लिहिलं.
मास्क चढवण्याआधी नाक तपासायचं असतं,
पण जेवणाची सुट्टी झाली होती.

त्या रविवारी मी गच्चीवर एप्रन वाळत घालत होते.
टाकीच्या खाली आग्यामोहोळ आहे, सगळ्यांना ठाऊक आहे,
कुणी त्यांच्या वाटेला जात नाही.
त्या आल्या.
एप्रनवर आधी, मग कोपरावर, मानेवर,
बादली पालथी घालून मी जिन्याचं दार ओढलं.
अकरा डंख. वॉचमन बलिरामने चिमट्याने काढले, मोजून.

ग्रेशसने सांगितलं ते नंतर.
माशी डंख मारते तेव्हा तिच्यातूनही हेच सुटतं,
हेच, आपण पिंपं भरतो ते.
बाकीच्यांना कळतं: इथे कुणीतरी मेलीय, या.
माझ्या धुतलेल्या कपड्यावर
त्यांना एक अख्खी लढाई ऐकू आली,
आणि मला साबणसुद्धा नाही.

घरी कॉफीच्या डब्यात नाक घातलं.
मग हिंगाच्या. मग रॉकेलच्या चिंधीत.
स्वयंपाकघरात तशीच बसून राहिले थोडी.

सोमवारी त्या पोराला म्हटलं, परत घे.
तो म्हणाला, पास आहात की मॅडम.
म्हटलं, दुसरी कुठली चाचणी असेल तर ती घे.
होती. कडू पाण्याचा फवारा, नाकाचं काम नाही त्यात,
जीभ पुरते.
पिशवी घातली. मान हलवा. मोठ्याने वाचा.
पहिल्याच फवाऱ्याला तोंड कडूजहर झालं.

मास्क हनुवटीपाशी गळत होता.